दुसऱ्या भागातले रेडिओ

धाकटा : ‘राखेनंतर’ मालिकेतला सगळ्यात भारी गेम म्हणजे तिसरा भाग. विषय संपला, ताई.

ताई : तू संपवलास. मी अजून पहिल्याबद्दल बोललेच नाहीये.

धाकटा : पहिल्यात आहे काय? जग जळून खाक झालंय आणि आपण तासभर एका म्हातारीशी गप्पा मारतोय. तिसऱ्यात पाच मिनिटांत अख्खा पूल कोसळतो!

ताई : आणि तो कोसळत असताना बाबांच्या अंगठ्याने काय करायचं? फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलंय, रोज वीस मिनिटं, उजवा हात, सावकाश.

धाकटा : कुठलाही गेम चालेल, असंही म्हणाल्या होत्या.

ताई : बाबांना चालला पाहिजे ना. रबरी चेंडू चार दिवस टिकला, मातीचा गोळा दोन. त्यांना पहिल्या घासाला खडा लागला की ताट बाजूला. भाग चार असले तरी संधी एकच आहे. पक्षाघाताचा झटका येऊन दोन महिने झाले. आता हात वळला तर वळला, नाहीतर...

बाबा : नाहीतर काय? बोल की. इथेच बसलोय मी. हात गेलाय, कान नाही.

धाकटा : गेला नाहीये हो, सुट्टीवर आहे.

बाबा : चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करताना एक रजा घेतली नाही त्याने. आता साठवलेली एकदम घेतोय.

ताई : हे बघा, मी तक्ता केलाय. गोष्ट, वेग, अक्षरांचा आकार, बटणांची संख्या. प्रत्येकाला दहापैकी गुण. अकरापर्यंत ठरवून टाकू.

धाकटा : कुणाच्या अकरापर्यंत? तुझ्या घड्याळात दोन महिने सव्वाचार वाजलेत. दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासतेस, घरी आलीस की आमचे.

ताई : घरचे जास्त गढूळ असतात. ऐक. पहिला एकतीस, तिसरा अठ्ठावीस, चौथा सव्वीस.

बाबा : आणि दुसरा?

ताई : तो धरलाच नाही.

बाबा : का? त्याने कुणाचं घोडं मारलं?

धाकटा : बाबा, दुसरा म्हणजे मालिकेला लागलेला डाग. साधा रेडिओ उघडायचा तर चार स्क्रू, आणि एकेक स्क्रू अंगठ्याने हळूहळू फिरवायचा. जरा घाई केली की स्क्रूची खाच झिजून गेली! पहिल्याच रेडिओला मी हात जोडले.

बाबा : खाच जाते कारण तू आधी फिरवतोस. आधी दाबायचं, मग फिरवायचं. तुझं लहानपणापासून उलटंच.



ताई : बाबा, हे तुम्हाला कसं माहीत?

बाबा : तुम्ही दोघं कामावर जाता. दुपार मोठी असते.

धाकटा : खेळताय तुम्ही? कधीपासून?

बाबा : झाले अकरा दिवस. आधी चारही लावून पाहिले. तिसऱ्यात पूल पडला, त्याच्याबरोबर मीही. चौथ्यात अर्धा तास आपल्या नायकाची दाढीच निवडत होतो. पहिल्यातली ती म्हातारी बोलताना श्वास घेत नाही, ताई, तुझी आवडती असली तरी. दुसऱ्यात एकाने काही न बोलता हातात स्क्रूड्रायव्हर ठेवला. म्हटलं, हा माणूस कामाचा.

ताई : रोज वीस मिनिटं?

बाबा : वीसच. बरं, चाळीस. बाईंना सांगू नकोस.

धाकटा : मग धरणापर्यंत पोचलात का?

बाबा : कसलं धरण?

धाकटा : अहो, गावाला पाणी नाही! तुम्ही बाहेर पडून ते आणायचं असतं. तुम्ही नायक आहात!

बाबा : फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, बाहेर जिवाला धोका आहे. बरं, गावातच सदतीस रेडिओ बंद पडलेत. एकोणतीस केले.

धाकटा : अकरा दिवस पहिल्याच गावात! बाबा, ते नुसते शिकण्यापुरते असतात. एक उघडायचा आणि पुढे जायचं.

बाबा : आठ माणसं वाट बघतायत आणि मी पुढे जाऊ? दुकान आहे का चेष्टा?

ताई : खाच किती वेळा जाते?

बाबा : पहिल्या दिवशी एकही स्क्रू धड निघाला नाही. काल दोनदाच गेली. त्या वहीत रोजचं लिहिलंय, बघ.

ताई : बघू... ही आधीची पानं डाव्या हाताची आहेत. पण परवाचं आणि कालचं...

बाबा : जरा वाकडं आलंय.

ताई : वाचता येतंय, बाबा.

धाकटा : आण तो तक्ता इकडे, फाडतो. सगळ्यात भारी दुसरा भाग. विषय संपला!

बाबा : ताई, ते घड्याळ दुसऱ्या कुणाकडे का नाही टाकलंस?

ताई : नाही टाकलं. असंच.

बाबा : काढून ठेव टेबलावर. पण ते आठ रेडिओ आधी. रांग म्हणजे रांग.