रिकामा वेळ

हयातीचा दाखला द्यायला पालिकेत गेले होते. आमच्या लहानपणी बंब निघाला की सगळी गल्ली दारात यायची. तशाच बंबावरचे दोघे, अग्निशमन केंद्राचे अधिकारी आणि त्यांचा वयस्क ड्रायव्हर, माझ्या शेजारी बाकावर होते. आत अधिकाऱ्यांचा नवा पगार ठरत होता.

"साहेब, फॉर्मात 'रिकामा वेळ' इथे काय भरलंत?"

"रोजचे सहा तास."

"अहो, असं कोणी भरतं का?"

"गाडी तपासली, पाइप वाळवले, सराव झाला, की फोनची वाटच बघतो ना, मामा."

"त्याला सज्ज म्हणतात. रिकामा म्हणजे तो दारातला शिपाई."

"सज्ज असा रकाना नव्हता."

"मग कोरा सोडायचा. वहिनी काय म्हणाल्या?"

"कारखान्याची नोकरी घ्या म्हणाली. तिथेही बसायचंच, पण बसायचे पैसे देतात."

"जाल?"

"इथे नीट ठरलं, तर नाही."

नाव पुकारलं. साहेब आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले.

"काय म्हणतात?"

"यंदा आगी कमी लागल्या, मग पगार कशाला वाढवायचा, म्हणतात."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नका वाढवू. पण गोदामं पालथी घालून जुन्या वायरी बदलायला लावल्या, म्हणून कमी लागल्या, एवढं लिहून घ्या."

"घेतलं?"

"त्यालाही रकाना नाही."

"चला, चहा घेऊ."

"मामा, एक तारखेपासून शिडी रोज तुम्ही तपासत जा. आणि नव्या साहेबांना सांगा, खालची कडी अडकते."