रूपरावजींनी औषध पेलं

मी तानाबाई महादेव भोयर, वय ५४ वर्षे, धंदा वृद्धाश्रमात स्वयंपाक, रा. नालवाडी, ता. जि. वर्धा. समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी खोटा फोन केलेला नाही. व्यवस्थापक त्यावरून मला कामावरून काढतो म्हणतात, म्हणून घडले ते सगळे सांगते.

आश्रमात औषधांचे कपाट आहे. त्याला नियमाप्रमाणे कुलूप असते. चावी कुलपाशेजारच्या खिळ्याला असते, कारण दुसरीकडे ठेवली की सापडत नाही.

काल सकाळी साडेदहाच्या सुमारास मी मागच्या वाफ्यात वांगी तोडायला गेले. तिथे आश्रमात राहणारे रूपरावजी, वय ७८, बाटली तोंडाला लावून उभे होते. मी विचारले, "काय करून राह्यले जी?" ते म्हणाले, "औषध पेलो." मी लगेच देवळीला त्यांचा मुलगा कैलास याला फोन लावला. "तुमच्या बाबांनी औषध पेलं," एवढेच बोलले. मग फोन हातातून निसटून वाफ्यात पडला.

कोणते औषध ते का सांगितले नाही, असे जबाब घेणारे पोलीस साहेब विचारतात. आमच्याकडे पिकावर फवारायचे विष तेही औषधच. कोणी औषध पेले म्हटले की कोणते म्हणून विचारत नाहीत, धावतात. मीही तेच समजले होते.

अर्ध्या तासात कैलास, सून काजल, दोन गाड्या भरून सोयरे, अ‍ॅम्ब्युलन्स व पोलीस आले. काजलने फाटकापासूनच हंबरडा फोडला. रूपरावजी व्हरांड्यात चहा पीत होते. त्यांनी मला विचारले, "कोन गेलं?"

बाटली आनंदाबाईंच्या खोकल्याच्या औषधाची निघाली. कैलासने रडत विचारले, "काऊन पेलं, बाबा?" ते म्हणाले, "गोड लागते." चार दिवसांपासून रोज घेत होते. त्यांना शुगर आहे. डॉक्टरांनी तपासले, शुगर वाढलेली निघाली, जिवाला धोका नाही. आनंदाबाई चार दिवस खोकत होत्या, त्यांना कोणी विचारले नाही.

कैलास याआधी आला तो गेल्या वर्षीच्या पोळ्याला. काल तो संध्याकाळपर्यंत बापाचा हात धरून बसला. मलाही रडू आले, ते लपवत नाही.

सगळे गेल्यावर रूपरावजींनी मला जवळ बोलावले. म्हणाले, "तानाबाई, दिवाळीले बी असाच फोन करजो." मी हो म्हटले आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. शेवटचे वाक्य खोडू का, असे साहेबांनी विचारले. मी राहू द्या म्हटले.