पुढच्या चाकाचा नट

(संध्याकाळ. शर्यत जिंकून तो दारात पाय पसरून बसला आहे. बायको त्याच्या पोटरीला तेल चोळते आहे. सायकल भिंतीला टेकलेली.)

तो: हळू गं.

ती: हळू चोळायला तान्हं बाळ आहात का? जरा कळ काढा.

तो: पहिला आलो, कप आणला, तरी तोंड असं का?

ती: ठेवलाय ना फळीवर. मीठ भरू त्यात की मिरच्या?

तो: सगळी खाण नाचली. मुकादमानं चक्क खांद्यावर घेतलं मला.

ती: खडी फोडत होतात तेव्हा शिव्या, आता लढाईवर परत निघालात तर खांद्यावर. सकाळी गाडीत बसवायलासुद्धा येईल मेला.

तो: रजा संपली की जावंच लागतं.

ती: आल्यापासून तेच ऐकतेय.

तो: एक गंमत सांगू? शर्यतीआधी पुढच्या चाकाचा नट सैल लागला. कालच आवळला होता मी.

ती: झाला असेल सैल.

तो: असा आपोआप नाही होत. आघाडीवर सायकलनं निरोप पोचवायला निघायचं तर आधी सगळ्या नटांवर हात फिरवायचा, अंधार असला तरी. ती सवय लागली म्हणून वाचलो. नाहीतर गिरणीच्या उतारावर चाकच निघालं असतं. का गं, थांबलीस का?

ती: तेल संपलं.

तो: वाटीत दिसतंय मला.

ती: मीच सोडला तो नट. तुम्ही झोपला होतात.

तो: तू?

ती: गवंड्याचा मुलगा असाच रजेवर आला, त्या उतारावर पडला, खांद्याचं हाड मोडलं, आणि पलटणीनं त्याला परत नेलंच नाही. तुम्हीच सांगितलंत, हसत हसत. मला नाही आलं हसू.

तो: अगं, मान मोडली असती माझी.

ती: इथं मोडली असती, माझ्यासमोर. तिकडं काय मोडेल ते मला कोण सांगणार? पाना कसा धरतात तेही ठाऊक नव्हतं. सालटी निघाली हाताची, बघा.

तो: वेडी आहेस. मला सांगायचंस तरी.

ती: सांगितलं असतं तर पडला असतात?

तो: काय माहीत. उताराला लागलो की मला फक्त पुढचा माणूस दिसतो. तेवढ्यापुरती ना खाण, ना लढाई.

ती: ना मी.

तो: तूही नाहीस. खोटं कशाला बोलू?

ती: मग जाऊच नका. लपा कुठंतरी.

तो: पळून गेलेल्याला भिंतीशी उभं करून गोळ्या घालतात. एकाचा हुकूम मीच पोचवला होता. याच पायांनी, जोरात सायकल हाणत.

ती: हे कधी बोलला नाहीत.

तो: कुणाशी बोलू? मला परत जायची भीती वाटते गं. फार वाटते.

ती: स्टेशनवर सायकलनंच जाणार ना?

तो: हो. तोच उतार उतरून.

ती: मग निघताना नट तपासू नका.

तो: हात आपोआप जातो.

ती: जाईल तर जाईल. मी आज रात्री काय केलं ते तुम्ही विचारू नका. सकाळी तुम्ही काय केलंत ते मी विचारणार नाही.

तो: मग तुला कळणार कसं?

ती: दुपारपर्यंत कुणी तुम्हाला उचलून आणलं नाही, की कळेल. द्या, दुसरा पाय द्या.