साडेपाच तास मागं

मनकर्णाबाई : तसं नाय, नंदे. चालू केला की कॉम्प्युटर आधी इचारतो, ‘वापरून बघा’ का ‘इन्स्टॉल करा’. मी आपली रोज वापरून बघते.

राजनंदिनी : तीन महिने? आई, ह्यातलं नानांचं जुनं विंडोज बंद पडलं होतं, म्हणून त्यांच्या तेरवीला मी तो पेनड्राइव्ह लावला. त्याच्या जागी लिनक्स चालतंय का, एवढंच पाहायला.

मनकर्णाबाई : चालतंय की.

राजनंदिनी : पण असं नुसतं वापरलं की ते काही जपत नाही. बंद केलं की लिहिलेलं सगळं पुसलं जातं.

मनकर्णाबाई : ठावं हाय. रोज कोरं निघतं. सडा टाकलेल्या अंगणावानी.

राजनंदिनी : काय लिहितेस त्यात?

मनकर्णाबाई : तुझ्या नानांना सांगायचं ते. मागच्या प्लॉटवर तिसरा स्लॅब चढला, किल्ला आता निम्माच दिसतो. बोअर आटला. औंदा टँकर आठ-आठ दिवस येत नाय, लिंबोणीला भांड्याचं पाणी घालते. एका बोटानं लिहिते, लई वेळ लागतो.

राजनंदिनी : आणि ते सगळं गेलं.

मनकर्णाबाई : सांगितलं की झालं. बोललेलं कुणी कपाटात ठेवतं व्हय?

राजनंदिनी : मी ठेवलं असतं.

मनकर्णाबाई : तू हापिसातली बाई. तुला सगळ्याची फाईल लागते.

राजनंदिनी : बरं. आज बसवूनच जाते. नानांचे फोटो, सातबारा, सगळं दुसरीकडं काढून घेतलंय. हे बघ, जगाचा नकाशा आला. कुठं राहता म्हणतंय.

मनकर्णाबाई : पडेगाव हाय का त्यात?

राजनंदिनी : औरंगाबादच नाही, पडेगाव कुठलं! अख्ख्या देशाला एकच ठिपका. कोलकाता.

मनकर्णाबाई : बया! बंगालात नेऊन बसवलं. अन् त्याला कशाला आपलं गाव?

राजनंदिनी : घड्याळ लावायला. आत्ता सव्वातीन झालेत आणि ह्यात पावणेदहा. साडेपाच तास मागं आहे. ठिपक्यावर टिचकी मारली की बरोबर होईल.

मनकर्णाबाई : थांब. नको मारू.

राजनंदिनी : का गं?

मनकर्णाबाई : मागं हाय म्हणून तर मी बसते.

राजनंदिनी : म्हणजे?

मनकर्णाबाई : ते गेले सकाळी दहाला. मी जेवून, भांडी घासून तीनला बसते, तर ह्यात साडेनऊ. तवा ते खाटेवर उशीला टेकलेले असतात. ऊन पायावर आलेलं. पडदा ओढू का म्हणलं तर नको म्हणतात. अर्धा तास सांगत बसते. दहाला दोन मिनिटं राहिली की बंद करते. एकदा बी दहा वाजू दिले नायत.

राजनंदिनी : आई... ती लंडनकडची वेळ आहे.

मनकर्णाबाई : असंल. येडी समजू नको मला. भिंतीवरचं घड्याळ दिसतं मला.

राजनंदिनी : तसं नाही म्हणाले मी.

मनकर्णाबाई : मग?

राजनंदिनी : मी त्या दिवशी दुपारी एक वाजता पोचले.

मनकर्णाबाई : नगरच्या पुढं गाडी अडकली. कितींदा सांगशील?

राजनंदिनी : तू रात्रीच फोन केला होतास. मी म्हणाले, सकाळी निघते.

मनकर्णाबाई : ते इचारत होते. नंदी निघाली का? मी म्हणलं, निघाली. हसले जरासे.

(रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजतो.)

राजनंदिनी : टँकर आला वाटतं. चल, मी हंडे घेते.

मनकर्णाबाई : तू उठू नको. सरूबाई हाय शेजारची, आम्ही दोघी भरतो. किती वाजले त्यात?

राजनंदिनी : भिंतीवर तीन बावीस.

मनकर्णाबाई : भिंतीवरचं नाय इचारलं.

राजनंदिनी : नऊ बावन्न.

मनकर्णाबाई : मग हायेत अजून. बस, बोलून घे.