खालून चढणारं पाणी

(रोदोपी डोंगरात, धरणाकाठचं गाव. भर दुपारी खिडकीला धुकं चिकटलेलं. ऐंशीची स्तोयना पलंगावर. धाकटी बहीण रुसा खुर्चीत ताठ बसलेली, मधूनमधून खोकतेय.)

स्तोयना: दाबा अजून पाय, डॉक्टरबाई. बघा, बोट काढलं तरी खड्डा तसाच. ईस्टरला पाणी घोट्यापर्यंत होतं, मग गुडघ्यापर्यंत आलं, आता पोटात. खालून चढतंय.

डॉक्टर: खालून म्हणजे?

स्तोयना: तळ्यातून. धरण झालं तेव्हा आमचं जुनं गाव बुडालं. सगळ्यांनी आपापल्या माणसांची हाडं उकरून वर आणली. आमची आई तेवढी खाली राहिली. आम्ही उशिरा पोचलो.

रुसा: मी. मी उशिरा... पोचले.

डॉक्टर: स्तोयनाआजी, मान वळवा. शिरा फुगल्यात. इथे, उजव्या फासळीखाली दुखतं?

स्तोयना: अगं आई गं! दुखतं. दोन घास घेवडा खाल्ला की पोट टम्म.

डॉक्टर: आडवं पडल्यावर धाप लागते?

स्तोयना: चढावर लागते. आडवी झाले की मी घोरते, विचारा हिला.

डॉक्टर: सिगारेट अजून चालूच असेल. छाती जुनीच खराब आहे तुमची. रुसाआजी, हा खोकला कधीपासून?

स्तोयना: तिचं सोडा! काडीसारखी आहे ती, कुठे सुजलीय? आजारी मी आहे.

डॉक्टर: पलंग एकच दिसतोय. तुम्ही कुठे झोपता, रुसाआजी?

रुसा: इथेच. खुर्चीत. पडले की... ती येते. छातीवर बसते.

डॉक्टर: कोण?

रुसा: आई. ओली असते. गार. मी उठून... खिडकीशी जाते, तेव्हा उतरते.

स्तोयना: खोटं नाही बोलत ती. मी पण ऐकलंय. हिच्या छातीत पाणी वाजतं.

डॉक्टर: थुंकी कशी पडते?

रुसा: फेस. आज गुलाबी.

डॉक्टर: पाठ इकडे करा. श्वास घ्या. अजून एक... अजून.

स्तोयना: काय ऐकू येतं?

डॉक्टर: तुम्ही म्हणालात तेच. पाणी. रक्तदाबाच्या गोळ्या घेताय ना?

रुसा: सोडल्या. म्हटलं, यायचं तर येऊ दे तिला. चूक माझी होती.

डॉक्टर: हॅलो, मी वर तळ्याच्या गावात आहे. रुग्णवाहिका पाठवा, लगेच! हो, ऑक्सिजनसकट. रुसाआजी, पाय खाली सोडून बसा. हात द्या, इंजेक्शन देते.

स्तोयना: अहो, पाय माझे सुजलेत आणि गाडी तिला?

डॉक्टर: हो, तिलाच. हृदयाची उजवी बाजू अंगातलं रक्त घेऊन फुप्फुसात ढकलते, डावी फुप्फुसातलं घेऊन अंगभर ढकलते. तुमची उजवी थकलीय, म्हणून मागे पायात, पोटात, मानेत तुंबतंय. हिची डावी थकलीय. हिचं फुप्फुसात तुंबतंय. तुमच्याकडे उपचाराला थोडे दिवस आहेत. हिच्याकडे फक्त आजची दुपार होती.

स्तोयना: आणि मी म्हणत होते, आजारी मीच.

डॉक्टर: रुसाआजी, बोलू नका. नुसता श्वास घ्या. असंच. घाई नको.

स्तोयना: रुसे, रंग आला गं तोंडावर तुझ्या.

रुसा: उठली.

डॉक्टर: काय म्हणालात?

रुसा: आई. उठली माझ्यावरून.

डॉक्टर: औषधानं पाणी उतरतंय, आजी. इंजेक्शन देऊन वीस मिनिटं झाली.

स्तोयना: असेल. पण खुर्चीपासून माझ्या पलंगापर्यंत फरशी कशानं ओली झाली?

डॉक्टर: माझे बूट. बाहेर धुकं किती आहे!

स्तोयना: बूट तर तुम्ही पायरीवर काढलेत.

डॉक्टर: ...गाडी आली वाटतं. स्तोयनाआजी, तुम्हीही चला. जागा आहे. तुमच्याही तपासण्या करून घेऊ.

रुसा: चल ना, ताई. तुला सोडून मी कशी जाऊ?

स्तोयना: जा तू. गोळ्या घे, मी म्हणते म्हणून घे. डॉक्टरबाई, मला उद्या न्या, सकाळी तयार राहते.

डॉक्टर: आज काय अडलंय?

स्तोयना: इतक्या वर्षांनी आई घरात आलीय. तिला एकटीला सोडून कुठे जाऊ?