न जाळलेला राब

माझा जन्म तळेगावचा, आणि शेतीशी आमच्या घराचा संबंध म्हणजे आईच्या गॅलरीतल्या सात कुंड्या. त्यामुळे मी मृदाशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा वडिलांना, ते शाळेत गणित शिकवायचे, वाटलं की मुलगी आता प्रयोगशाळेत सुखाने राहील, आणि मी काही वर्षं राहिलेही, दुसऱ्यांच्या शेतातली माती पिशव्यांतून यायची, मी तिच्यातले जिवाणू मोजायचे आणि अहवाल लिहायचे. मग मी आणि माझी मैत्रीण सायली, आम्ही ठरवलं की अहवाल पुरे, आता शेत हवं. रसायनांशिवाय इंद्रायणी तांदूळ पिकवायचा आणि तळेगावातल्या घरांना, खंडाळ्याच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघराला थेट पोचवायचा. योजना, तुम्हाला सांगते, कागदावर निर्दोष होती.

जमीन आणि शिकवणी, दोन्ही लोणावळ्याजवळच्या औंढे गावातल्या आबांनी दिली. आबा सत्तरीचे, कमी बोलणारे. पहिल्याच दिवशी म्हणाले, पटलं न्हाई तर तोंडावर इचारा, पर मागनं गुपचूप काई करायचं न्हाई. जमीन मात्र त्यांच्या एकट्याची नव्हती, पुतण्याचाही, संतोषचा, त्यात हिस्सा होता, आणि संतोषला ती बंगले बांधणाऱ्या पार्टीला द्यायची होती. आबांनी त्याला आमच्यादेखत शब्द दिला की औंदा ह्या पोरी करत्यात, आषाढातल्या अमावस्येपर्यंत तिन्ही खाचरांत भात लागलं न्हाई तर तू म्हणशील तसं. म्हणजे आमची सगळी योजना एका तिथीवर उभी होती, आणि ती तिथी आम्हाला तेव्हा फार लांब वाटली.

आता राब म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भाताचं रोप आधी एका लहान तुकड्यात वाढवतात, मग उपटून खाचरात लावतात. त्या लहान तुकड्यावर इकडे उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या पसरून जाळतात, तोच राब. मी म्हटलं, आबा, हे जाळणं चुकीचं आहे, वरच्या थरातले जीव मरतात, सेंद्रिय कर्ब जातो, आणि आपण तर ग्राहकांना सांगणार की आमचा राबसुद्धा जाळलेला नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तुझं खरं असंल, पर जाळानं तणाचं बी मरतं, ते कुटं घालवशील? मी म्हटलं, खुरपून काढू. व्हय, ते म्हणाले.

खुरपायचं म्हणजे ओळखायचं, हे माझ्या हिशोबात नव्हतं. पेरल्यावर तीन आठवड्यांनी राब हिरवागार झाला तेव्हा त्यात भात किती आणि भातासारखं दिसणारं तण किती, ते आम्हा दोघींना सांगता येईना. शेजारच्या हिराबाई मावशी बांधावर थांबून बघत म्हणाल्या, पोरींनो, गवताला लय जपलंय गं तुमी. मला फरक पुस्तकातून ठाऊक होता, भाताच्या पानाच्या बेचक्यात पातळ जिभली असते, या तणाला नसते. मी भिंग घेऊन बसले, सकाळभरात एक मूठ निवडली, आणि त्या गतीने गणित मांडलं तर लावणी दिवाळीत संपत होती. इकडे रोप रोज एका दिवसाने जून होत होतं, आणि जून रोपाला फुटवे कमी येतात हेही मला पुस्तकातूनच ठाऊक होतं.

माणसं हवी होती. मी हिराबाईंना म्हटलं, मजुरी देते, दहा बायका आणा. त्या म्हणाल्या, पैशाला माणूस लोणावळ्यात जातं बाय, आवणीला हितं दिवसाला दिवस. तुमी कुणाच्या शेतात आलता? ही सावड, आवणीची म्हणजे लावणीची इथली रीत. तू माझ्याकडे एक दिवस, मी तुझ्याकडे एक दिवस. आम्ही उन्हाळाभर पिशव्यांची लेबलं केली होती, कुणाच्या बांधावर पाय ठेवला नव्हता. आबांना म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? इचारलंस का, म्हणाले.

काय सांगू तुम्हाला, पुढचे आठ दिवस मी आणि सायली दुसऱ्यांची खाचरं लावत होतो, कंबरेतून वाकून, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, आणि दर संध्याकाळी येऊन आपलं रोप पिवळं पडताना बघत होतो. संतोष रोज यायचा, आमच्या रिकाम्या चिखलाचे फोटो काढायचा आणि अगदी अदबीने विचारायचा, ताई, मग कसं करताय? मी म्हणायचे, होईल.

अमावस्येच्या आदल्या दिवशी अकरा बायका आल्या. हिराबाईंनी बुडाशी बोटं फिरवत तण वेगळं टाकायला सुरुवात केली. मी विचारलं, कसं कळतं? हाताला कळतं, म्हणाल्या. मी सोडलं नाही, तेव्हा थांबल्या, सावकाश करून पाहिलं आणि म्हणाल्या, ह्याचं बूड चपटं लागतं, भाताचं गोल. भिंगाशिवाय, पावसात, बघतसुद्धा नाहीत. दुपारपर्यंत दोन खाचरं लागली आणि रोप संपलं. निम्मा राब तणच होता.

तिसरं खाचर रिकामं, अमावस्या उद्यावर, बांधावर संतोष. हिराबाई म्हणाल्या, माझ्याकडं उरलंय रोप, पर जाळलेल्या राबातलं हाय, चालंल का तुमाला? सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आबाही. मी म्हटलं, चालेल, पण मी ते लोकांना सांगेन. सांग की, त्या म्हणाल्या, माझं नाव बी सांग. अंधार पडायच्या आत तिसरं लागलं. संतोष दुसऱ्या दिवशी आला, तिन्ही खाचरांना चक्कर मारली, म्हणाला, तिसरं जोरात दिसतंय, आणि गेला.

तांदूळ झाला, अपेक्षेपेक्षा कमी. तिसऱ्या खाचराच्या पिशव्यांवर खरं ते लिहिलं; हॉटेलने नाकारल्या, तळेगावच्या घरांनी घेतल्या. जमीन एका वर्षापुरती राहिली, यंदा पुन्हा तीच अट आहे, आणि संतोषचा फोन चार्जच असतो. राब मी यंदाही जाळणार नाही. आधी पाणी देऊन तण उगवू देईन, ते काढेन, मग भात पेरेन. आबा म्हणाले, कर, पर हिराबाईच्या राबाशेजारी कर, म्हंजी फसलं तर लांब जायला नको. तेवढाच त्यांचा आशीर्वाद. कालचा सबंध दिवस मी हिराबाईंच्या राबावर शेण आणि फांद्या वाहिल्या. त्या आज जाळतील. मला ते पटत नाही, त्यांना ठाऊक आहे. पण माझा एक दिवस त्यांच्याकडे जमा झाला.