पडद्यावरची मुलं आणि पडद्यावरची बाई

अध्यक्षस्थानी असलेले फादर एलिजिओ, त्यांच्या शेजारचे आपले नगराध्यक्ष, जिल्ह्याहून घाट चढून आलेले शिक्षणाधिकारी श्री. पाल्मिएरो, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती लोरेदाना बाई, आणि रोक्कास्पेराच्या माझ्या गावकऱ्यांनो. कुरणावरून थेट इथं आलेले मॅसेडोनियन मेंढपाळ आणि त्यांच्या बायका गावकऱ्यांतच आल्या, त्यांना वेगळं संबोधन नाही.

मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. सांगणारे माझेच विद्यार्थी आहेत, तेव्हा त्यांना फारशी आशा नसावी. सिस्टरांच्या शाळेत आम्हाला हाताची घडी घालून गप्प बसायला शिकवलं होतं. बाकी सगळं मला जमलं.

लोरेदाना माझ्यानंतर या शाळेत आली. एक खोली, पाच इयत्ता, एक बाई. माझ्या वेळी बाकांवर गावचीच मुलं असायची. ती मोठी झाली, कुणी तोरिनोला गेलं, कुणी बेल्जियमला. त्यांची मुलं ऑगस्टात येतात, आइस्क्रीम खातात आणि जातात. फादरना बाप्तिस्म्यांपेक्षा अंत्यविधींचीच धावपळ जास्त. मग शाळा कुणाच्या जिवावर चालली? मेंढपाळांच्या मुलांच्या. मागे बेकरीत एक जण म्हणाली, नाव घेत नाही, ती पुढच्याच रांगेत बसलीय, ‘शाळा काही आता आपली राहिली नाही गं.’ मी म्हटलं, ‘तुझी लेक पोरं घेऊन जर्मनीहून परत येतेय का? नाही ना? मग पाव घे आणि रांग सोड.’

तर, ऑक्टोबर आला की कळप ट्रकमध्ये चढतात आणि हिवाळा काढायला खाली फोज्जाच्या सपाट मुलखात जातात. आईबाप जातात, मुलंही जातात. पूर्वी त्यांना खालच्या शाळेत मधेच घालायचे. तिथं ती शेवटच्या बाकावर बसायची आणि वसंतात परत आली की लोरेदानाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

मग जिल्ह्यानं आपल्याला तो मोठा पडदा दिला, बोटानं लिहायचा. फीत कापली, फोटो निघाले. तो चालवायचा कसा, हे सांगायला मात्र कुणी फिरकलं नाही. लोरेदाना स्वतःच शिकली आणि त्या हिवाळ्यात तिनं खालच्या मेंढवाड्यावर आपल्या मेंढपाळ ब्लागोयला त्या पडद्यावरून फोन लावला. तेव्हापासून खाली गेलेली मुलं चीज बनवायच्या खोलीत बसून वर्गात हजर असतात. रेंज तिथंच येते. भागाकार चालू असताना मागून मेंढ्या ओरडतात, वर्ग हसतो, पण भागाकार पुरा होतो.

या जानेवारीत पाल्मिएरो साहेब पटपडताळणीला आले. जानेवारीत कळप कुठं असतात, हे गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल. मी त्या दिवशी लहानांचं वाचन घ्यायला गेले होते, म्हणून कानांनी ऐकलेलं सांगते.

‘बाई, बाकीची मुलं कुठं?’

‘ही काय, समोर.’

‘समोर पडदा आहे.’

‘मग पडद्यात बघा ना, साहेब.’

तेवढ्यात दॅफिना, ब्लागोयची मधली, तोंडानं माझ्यावर गेलेली, पडद्यातून म्हणाली, ‘साहेब, जरा बाजूला व्हा ना. बाईंनी लिहिलेलं गणित तुमच्यामागे गेलंय.’

साहेब बाजूला झाले. आणि पटावर तिला गैरहजर मांडून गेले. नियम म्हणे असा, की मूल बाकावर दिसलं पाहिजे.

मार्चमध्ये निर्णय आला. पट कमी, म्हणून लोरेदानाच्या जागी कुणी येणार नाही. सप्टेंबरपासून खाली दरीतल्या शाळेची बाई आपल्या मुलांना शिकवेल. कशावरून? त्याच पडद्यावरून! म्हणजे पडद्यावरचं मूल गैरहजर, आणि पडद्यावरची बाई मात्र हजर. साहेब, हे कुठल्या इयत्तेचं गणित? मी आयुष्यभर शिकवलं, मला सुटत नाही.

दॅफिना आता पाचवीत जाईल. ऑक्टोबरात ती कळपाबरोबर फोज्जाला गेली की दरीतल्या बाईंच्या लेखी ती नसणारच. पुन्हा तो शेवटचा बाक. लोरेदाना, तुला शाल नको, फुलं नकोत, तुला तुझ्या जागी माणूस हवं आहे. तू हे मागणार नाहीस, भिडस्त आहेस. म्हणून मी मागते.

साहेब मघाशी आपल्या भाषणात म्हणाले, ‘पुरेशी मुलं दाखवा, मी स्वतः बाई आणून देतो.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आता जून आहे. कळप वर आलेत.

सभागृह दिल्याबद्दल फादरांचे आभार, आणि सकाळपासून खाऊसाठी जाळीदार, गोड फेर्रातेल्ले भाजणाऱ्या बायकांचे त्याहून जास्त. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर वयाकडे बघून पदरात घ्या. ज्यांचा मुद्दाम राखला नाही, त्यांनी मनाला लावून घेतलं तरी चालेल.

दॅफिना, ऊठ. शाळेतली सगळी मुलं, उभी राहा बघू. ब्लागोयच्या मांडीवरची तू पण. खाऊ नंतर. साहेबांचं मोजून होईपर्यंत कुणी बसायचं नाही.